सहाध्यायी, अंगुलिमाल आणि कल्याणमित्र

मनुष्य जन्माने नीच वा उच्च ठरत नाही, तो कर्माने ठरतो, ही तथागतांची शिकवण आम्ही बौद्ध नित्य सांगत असतो. वर्णाच्या संदर्भात ती आमच्या अंगवळणी पडली आहे. परंतु ज्याच्या हातून अनेकांची हत्या झाली अशा मनुष्याचा विचार करताना मात्र आमच्यापैकी पुष्कळांची जीभ नकळत जुन्याच भाषेकडे वळते. "तो जन्मतःच राक्षस होता", "रक्तच तसले" असे उद्गार विहाराच्या ओट्यावरही ऐकू येतात. जन्मसिद्धांत आपण दाराबाहेर काढला आणि तो खिडकीतून पुन्हा आत आला, असेच यास म्हणावे लागेल.

हा विचार आमच्या मनात येण्यास एक चित्रकथा निमित्त झाली. कामठीतील काही तरुण वाचकांनी ती आमच्यासमोर ठेवली आणि विचारले की, हत्याऱ्याच्या बालपणाचे असे पुस्तक वाचावे की वाचू नये? त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. म्हणून त्या चित्रकथेतील इतिहास, आपल्या महाराष्ट्रातील तशीच एक घटना आणि अंगुलिमालाच्या कथेची घडण या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याचा प्रयत्न येथे करीत आहोत.

एका वर्गमित्राने लिहिलेला इतिहास

चित्रकथेचे नाव 'माय फ्रेंड डामर' असे आहे. अमेरिकेतील चित्रकार डर्फ बॅकडर्फ यांनी ती लिहिली व चितारली असून २०१२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जेफ्री डामर या मनुष्याने १९७८ ते १९९१ या काळात १७ जणांची हत्या केली. १९९१ च्या जुलैमध्ये मिलवॉकी शहरात त्यास अटक झाली, जन्मठेपेची शिक्षा झाली आणि १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये तुरुंगातच दुसऱ्या एका कैद्याने त्याचा खून केला. बॅकडर्फ हे या मनुष्याचे शाळेतील सहाध्यायी होत. ओहायो राज्यातील बाथ नावाच्या लहान वस्तीत दोघेही वाढले आणि रिव्हिअर हायस्कूलमधून १९७८ साली एकाच वेळी बाहेर पडले.

पुस्तकात हत्याकांडाचे वर्णन जवळजवळ नाही. पहिली हत्या शाळा संपल्यावर काही आठवड्यांतच, १९७८ च्या जून महिन्यात झाली, तेव्हा डामर १८ वर्षांचा होता. कथा त्या उंबरठ्यापाशी येऊन थांबते. त्यापूर्वीची जी वर्षे आहेत ती वरवर पाहता कोणत्याही मध्यमवर्गीय मुलाची आहेत. वडील रसायनशास्त्रज्ञ, संशोधनात गढलेले. आई मानसिक व्याधीने त्रस्त. घरात दीर्घकाळ कलह आणि शेवटी घटस्फोट. घर सोडून प्रथम वडील गेले, पुढे आई धाकट्या मुलास घेऊन गेली आणि थोरला मुलगा त्या घरात एकटाच उरला. रस्त्यावर मेलेली जनावरे गोळा करून त्यांची हाडे आम्लात मोकळी करण्याचा विचित्र छंद त्यास बालपणीच जडला होता. आपले आकर्षण पुरुषांकडे आहे हे त्यास कळले होते. त्यात दोष काहीच नव्हता, परंतु त्या काळच्या त्या गावात ते कोणापाशी बोलण्याची सोय नव्हती. त्याच्या कल्पनेत मात्र मृत देहांविषयीचे जे भयंकर विचार वाढत होते, ते बुजविण्यासाठी तो दारू पिऊ लागला. तो शाळेत पीत असे, वर्गाच्या वेळी पीत असे, आणि ही गोष्ट मुलांना ठाऊक होती.

बॅकडर्फ व त्यांचे सोबती या मुलाचे मित्र होते, परंतु ती मैत्री कशी होती हे लेखकाने लपविलेले नाही. डामर झटके आल्याचे, अडखळत बोलण्याचे सोंग करी. मुले हसत. त्यांनी त्याच्या नावाने एक 'चाहता मंडळ' काढले, आणि एकदा तर वर्गणी जमवून त्यास बाजारसंकुलात तासभर सोंगे करावयास लावली. खेळ संपला, मुले घरी गेली. त्या मुलास आपल्या घरी जेवावयास नेण्याचे, त्याची विचारपूस करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. लेखक आता प्रौढ झाला आहे आणि तो त्या दृश्याकडे परत पाहतो. तोच सारे पुस्तकभर विचारतो की, मुले मुलांसारखी वागली, परंतु त्या वेळी मोठी माणसे कोठे होती? शिक्षकांस दारूचा वास आला नाही काय? आईबापांस आपला मुलगा घरात एकटा आहे हे कळले नाही काय?

इतिहासलेखनाच्या दृष्टीने या पुस्तकाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. लेखकाने केवळ स्वतःच्या आठवणीवर विसंबून न राहता जुन्या सहाध्याय्यांच्या व शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या, तपास यंत्रणेची कागदपत्रे पाहिली आणि डामरच्या कबुलीजबाबांशी आपली आठवण ताडून पाहिली. चित्रकथा म्हणजे मुलांची करमणूक, असे म्हणून तिच्याकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा रंगविणाऱ्यांनी आणि भारहुतच्या कठड्यावर प्रसंग कोरून त्याखाली नावे घालणाऱ्यांनी चित्र व अक्षर यांची सांगड फार पूर्वीच घातली होती. आपल्या काळात दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी चितारलेल्या, २०११ साली निघालेल्या 'भीमायन' या चित्रग्रंथात बाबासाहेबांच्या बालपणीचा गोरेगावचा प्रवास व पाण्याची तहान आपण पाहिलीच आहे.

लेखकाने एक मर्यादा स्वतःच घालून घेतली आहे, ती आम्हास मोलाची वाटते. पहिली हत्या होईपर्यंत त्या मुलाविषयी त्यास करुणा वाटते, त्यानंतर नाही, असे तो प्रारंभीच स्पष्ट करतो. समजून घेणे ही एक गोष्ट आहे, दोषमुक्त करणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाली की इतिहास बिघडतो आणि नीतीही बिघडते.

पुण्यातील सहाध्यायी

ही सारी दूरदेशीची गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रास तसे म्हणता येणार नाही. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत पुण्यात १० माणसांची हत्या झाली. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून ते प्रकरण ओळखले जाते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे चौघे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. कागदावर रंग व रेषा यांचे शिक्षण घेणारी ती मुले. त्यांचा पहिला बळी परका नव्हता, तो त्यांचाच एक सहाध्यायी होता. पैशासाठी त्यास पळविले आणि मारले. पुढे ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघे आणि १ डिसेंबर १९७६ रोजी भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या घरातील पाच जण मारले गेले. त्या पाचांमध्ये संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे वृद्ध पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते. १९७७ च्या मार्चमध्ये आणखी एका तरुणाचा बळी गेल्यावर तपासास दिशा मिळाली. त्यांच्याच सोबतीतील एक विद्यार्थी माफीचा साक्षीदार झाला. १९७८ साली चौघांस फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली.

त्या दिवसांत सायंकाळनंतर पुण्याचे रस्ते ओस पडत, हे जुने पुणेकर अजून सांगतात. लोकांच्या मनात हत्याऱ्याचे जे चित्र होते ते बहुधा कोणा अक्राळविक्राळ दरोडेखोराचे असावे. प्रत्यक्षात पकडली गेली ती विशीच्या आसपासची, महाविद्यालयात येणारी-जाणारी मुले. दारू आणि दुचाक्यांच्या चोऱ्या यांबद्दल त्यांचे नाव महाविद्यालयाच्या आवारात आधीच झाले होते. म्हणजे मोठ्या गुन्ह्यापूर्वीचे लहान गुन्हे कोणाच्याच दृष्टीस पडले नव्हते असे नाही. दृष्टीस पडले, परंतु त्यांचा अर्थ कोणी लावला नाही. मुनव्वर शाह याने तुरुंगात लिहिलेले आत्मकथन पुढे 'येस, आय ॲम गिल्टी' या नावाने प्रसिद्ध झाले. दोष माझा आहे, ही कबुलीच त्याने ग्रंथाच्या नावात ठेवली. चौघांपैकी एकाने तरी आपल्या मागे वळून पाहिले, एवढे त्यावरून म्हणता येते.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. या चौघांत एका धर्माची वा एका जातीची मुले नव्हती. बळी गेलेलेही नाना घरांतील होते. ज्यांस गुन्ह्याचे मूळ रक्तात, जातीत वा धर्मात शोधावयाचे आहे, त्यांस हे प्रकरण काहीच हाती लागू देत नाही. त्यांस जोडणारा धागा एकच दिसतो, तो सोबतीचा. ज्या सोबतीत एकानेही "हे करू नकोस" असे म्हटले नाही, ती सोबत.

अहिंसकाचे बालपण कोणी लिहिले?

आता अंगुलिमालाकडे वळू. आमच्या वाचकांस ही कथा पाठ आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. प्रश्न एवढाच विचारतो की, तिचा कोणता भाग कोणत्या काळाचा?

मज्झिमनिकायातील ८६ वे सुत्त हे अंगुलिमाल सुत्त होय. तेथे कथेचा आरंभ थेट प्रौढ दरोडेखोरापासून होतो. कोसलाच्या राजा प्रसेनजिताच्या राज्यात गावे उजाड करणारा, मारलेल्यांच्या बोटांची माळ घालणारा एक मनुष्य आहे. गुराखी व शेतकरी तथागतांस त्या वाटेने न जाण्याची विनवणी करतात आणि तथागत त्याच वाटेने जातात. बालपणाविषयी सुत्तात जवळजवळ काही नाही. राजाने विचारल्यावर तो आपला पिता गग्ग व माता मंतानी असल्याचे सांगतो आणि शेवटच्या गाथांत आपले नाव अहिंसक असल्याचे म्हणतो, एवढेच. याच गाथा थेरगाथेतही आहेत.

बालपण आले ते अट्ठकथांतून, म्हणजे सुत्तानंतर कित्येक शतकांनी. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या परंपरेने आणि पुढे धम्मपालाने ते विस्ताराने मांडले. तेथे तो राजपुरोहिताचा मुलगा आहे. जन्म चोरांच्या नक्षत्रावर झाला म्हणून त्या रात्री नगरातील शस्त्रे चमकली. मुलगा बुद्धिमान निघाला, तक्षशिलेस आचार्याकडे गेला आणि सर्वांत पुढे राहिला. सहाध्याय्यांस मत्सर वाटला. त्यांनी आचार्याचे कान भरले की, हा तुमच्या पत्नीशी अनाचार करतो. आचार्याने उघड शिक्षा न करता गुरुदक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली. आज्ञाधारक शिष्य वनात गेला आणि हत्यारा होऊन राहिला.

या उत्तरकालीन कथेत दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच ठिकाणी नांदत आहेत, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिले उत्तर नक्षत्राचे: मुलगा मुळातच चोर होणार होता. दुसरे उत्तर परिस्थितीचे: मुलगा चांगला होता, मत्सरी सहाध्यायी आणि विवेकशून्य आचार्य यांनी त्यास तेथवर नेले. पहिले खरे मानले तर दुसऱ्याची गरज उरत नाही. दुसरे खरे मानले तर पहिले निरर्थक ठरते. आमच्या मते नक्षत्राची गोष्ट ही भोवतालच्या ब्राह्मणी ज्योतिषाचा अट्ठकथेवर पडलेला ठसा आहे. सहाध्याय्यांची गोष्ट इतिहास म्हणून सिद्ध करता येत नाही, परंतु मानवी अनुभव म्हणून ती खरी आहे. ओहायोतील आणि पुण्यातील शाळा-महाविद्यालयांनी ती पुन्हा खरी करून दाखविली.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेचा स्वतंत्र भाग केला आणि त्यात अंगुलिमालास स्थान दिले. तेथे त्यांनी सुत्ताची कथा घेतली, नक्षत्राची घेतली नाही. ज्यांनी जन्मावर आधारलेल्या समाजरचनेविरुद्ध आयुष्य वेचले, त्यांनी जन्मनक्षत्रावर आधारलेला गुन्हेगार स्वीकारावा हे संभवनीयच नव्हते.

जन्मगुन्हेगार ही कल्पना

नक्षत्राची जागा आधुनिक काळात शास्त्राने घेतली, एवढाच काय तो फरक झाला. इटलीतील लोम्ब्रोसो याने १८७६ साली कवटी व चेहऱ्याच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असा सिद्धांत मांडला. त्याच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने भारतात गुन्हेगार जमाती कायदा केला होता आणि संपूर्ण जमातींस जन्मापासून गुन्हेगार ठरविले होते. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींच्या मुलाने पाळण्यात डोळे उघडले की त्याचे नाव जणू पोलिसांच्या वहीत चढलेले असे. हजेरी, तारेच्या कुंपणातील वसाहती, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी, हे त्याचे रूप. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, परंतु पोलिसांच्या व गावकऱ्यांच्या मनातून तो आजही पुरता रद्द झालेला नाही.

येथे एक तुलना करून पाहावी. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली निघाले व १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या मुलास समाजाने जन्मानेच चोर म्हटले, तो कार्यकर्ता व लेखक झाला. उलट ज्या मुलांस कोणी जन्माने चोर म्हटले नव्हते, ज्यांच्या घरांकडे पोलिसांनी कधी ढुंकून पाहिले नव्हते, ती पुण्यात हत्यारी झाली. जन्मसिद्धांताचे याहून स्पष्ट खंडन कोणते असू शकेल?

कारणे आहेत, परंतु सबब नाही

तथागतांच्या काळीही या प्रश्नाची नाना उत्तरे दिली जात होती. सामञ्ञफल सुत्तात त्यांची नोंद आहे. पूरण कस्सप म्हणे की, हत्या केल्याने पाप लागत नाही आणि दानाने पुण्य मिळत नाही. मक्खली गोसाल म्हणे की, जे होते ते नियतीने होते, त्यास हेतू नाही, प्रत्यय नाही. ही मते अजातशत्रू राजा तथागतांस ऐकवितो, आणि तो स्वतः पित्याचा घातक आहे, ही गोष्ट सुत्त वाचताना विसरू नये. पित्यास मारून ज्याची झोप उडाली आहे त्यास 'काहीच पाप नाही' हे उत्तर गोड वाटावयास हवे होते. त्यास ते पटले नाही.

प्रतीत्यसमुत्पाद या दोहोंपेक्षा वेगळा आहे. प्रत्येक कर्मास प्रत्यय असतात, म्हणून ते शोधता येतात. ते शोधता येतात, म्हणून तोडताही येतात. परंतु चेतना हेच कर्म होय, म्हणून कर्त्याची जबाबदारी संपत नाही. डामरच्या घरात कलह होता, हे कारणांपैकी एक. त्याचा धाकटा भाऊ त्याच घरात जन्मला व वाढला, तो हत्यारा झाला नाही. परिस्थिती वाट तयार करते, पाऊल मनुष्य टाकतो.

अंगुलिमाल सुत्ताचा उत्तरार्ध हेच सांगतो आणि तो आपल्या प्रवचनांत फार थोडक्यात उरकला जातो, याचा आम्हास खेद वाटतो. प्रव्रज्येनंतर अंगुलिमाल भिक्षाटनास जातो तेव्हा लोक ढेकळे, काठ्या, खापऱ्या फेकतात. डोके फुटते, पात्र भंगते, चीवर फाटते. तथागत त्या लोकांस दोष देत नाहीत. हे तुझ्या कर्माचे फळ आहे, सहन कर, असे ते त्यालाच सांगतात. विनयाच्या महावग्गात याहून महत्त्वाची नोंद आहे. अंगुलिमालास भिक्षुवेषात पाहून लोक भ्याले, पळाले व नाराज झाले, तेव्हा कुप्रसिद्ध चोरास प्रव्रज्या देऊ नये असा नियम तथागतांनी केला. एकाचे परिवर्तन घडले म्हणून अनेकांचे भय खोटे ठरत नाही, याची जाण संघाला होती.

प्रसूतीच्या वेदनांत अडकलेल्या स्त्रीचा प्रसंगही याच अर्थाने वाचावा. जन्मल्यापासून आपण जाणूनबुजून प्राणिहत्या केली नाही, असे सत्यवचन तिच्याजवळ उच्चारण्यास तथागत त्यास सांगतात. तो म्हणतो की, हे तर खोटे होईल. तेव्हा 'आर्यजन्म घेतल्यापासून' असा बदल ते सुचवितात. ज्याने आपला भूतकाळ पुसण्यास नकार दिला त्याच्याच सत्यवचनाने माता व बालक सुखरूप झाले. आर्य हा शब्द येथे वर्णाचा नाही, वंशाचा नाही, धम्मातील नव्या जन्माचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी जो नवा जन्म घेतला, त्याचा अर्थ ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने मत दिले आणि त्यास या देशातील अहिंसेच्या परंपरेचा आधार दिला, हेही येथे स्मरावे. गुन्हा गंभीर नाही असा त्याचा अर्थ नव्हता. मनुष्य बदलू शकतो, या धम्माच्या मूळ विश्वासाशी ते मत सुसंगत आहे.

चित्रकथेत जे आले नाही

या चित्रकथेविषयी आमची एक तक्रार आहे. ती १९७८ साली थांबते, म्हणून बळी गेलेली माणसे तिच्यात जवळजवळ नाहीत. डामरच्या १७ बळींपैकी बहुतेक कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य समाजातील तरुण व किशोर होते. १९९१ च्या मे महिन्यात लाओसमधून आलेल्या कुटुंबातील १४ वर्षांचा एक मुलगा त्याच्या घरातून रस्त्यावर निसटला. शेजारच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी पोलिसांस बोलाविले, मूल लहान आहे म्हणून परोपरीने सांगितले. पोलिसांनी त्या स्त्रियांचे ऐकले नाही, गोऱ्या डामरचे ऐकले आणि मुलास त्याच्या हाती परत दिले. त्याच रात्री त्याची हत्या झाली, आणि अटकेपूर्वी त्यानंतरही आणखी चौघे मारले गेले.

कोणाची साक्ष ऐकावयाची आणि कोणाची नाही, हे जेथे कातडीच्या रंगावरून किंवा जातीवरून ठरते, तेथे हत्याऱ्यास दुसरे सहाय्य लागत नाही. आमच्या वाचकांस हे पुस्तकात वाचून शिकावे लागत नाही. खैरलांजी भंडारा जिल्ह्यात आहे, कामठीपासून फार दूर नाही. तेथे २००६ साली ज्यांची हत्या झाली त्यांच्या बाजूची साक्षही आधी कोणी मनावर घेतली नव्हती. म्हणून हत्याऱ्याचे बालपण जरूर अभ्यासावे, परंतु त्या अभ्यासाच्या पानावर बळींची नावे पुसट होऊ देऊ नयेत.

पापापासून परावृत्त करणारा

तिन्ही कथांत एक पात्र समान आहे, ते म्हणजे सहाध्यायी. तक्षशिलेत त्याने मत्सर केला, ओहायोत तो हसला, पुण्यात तो सामील झाला किंवा बळी गेला. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मित्रांचे वर्गीकरण आहे. मित्राच्या रूपातील चार अमित्रांत एक असा आहे जो चांगल्यासही होकार देतो आणि वाईटासही होकार देतो, आणि दुसरा असा जो मद्यपानात व अवेळी भटकण्यात सोबत करतो. खऱ्या हितकारी मित्राचे पहिलेच लक्षण, तो पापापासून परावृत्त करतो. आईबापांचे पहिले कर्तव्य म्हणूनही हेच सांगितले आहे. कल्याणमित्रता हा धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे असे आनंद म्हणाले, तेव्हा तो अर्धा नव्हे, संपूर्ण भाग आहे, असे तथागतांनी त्यांस सांगितले. ही केवळ भिक्षूंसाठी केलेली सूचना नव्हे.

बॅकडर्फ यांनी विचारलेला प्रश्न, मोठी माणसे कोठे होती, आपण आपल्या गावाला विचारून पाहावा. कन्हान नदीच्या काठी १८२१ साली इंग्रजांनी वसविलेली छावणी म्हणजे कामठी. पुढे तिच्या वस्त्यांत विडी वळणाऱ्यांची घरे दाटली. ज्या मुलांचे आईबाप दिवसभर कामावर, त्या मुलांचे भवितव्य ठरलेले होते असे कोणासही वाटले असते. त्या कामठीत १९०४ साली जन्मलेल्या बाबू हरदास एल. एन. यांनी १९२७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, रात्रशाळा सुरू केल्या, त्यांत मुलींनाही घेतले, आणि ग्रंथालय उघडले. विडी कामगारांस संघटित केले. १९३७ साली ते मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ साली, पस्तिशीतच, निवर्तले. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करणारे म्हणून आपण त्यांचे स्मरण करतो. परंतु रात्री दिवा लावून मुलांस बसवून ठेवणारा तेवीस वर्षांचा तरुण, हे त्यांचे रूप आम्हास या लेखाच्या संदर्भात अधिक जवळचे वाटते. त्या रात्री मोठी माणसे कोठे होती, या प्रश्नास कामठीपाशी निदान एक उत्तर होते.

तरुण वाचकांस आम्ही एवढेच सांगू की, ती चित्रकथा अवश्य वाचावी. वाचताना हत्याऱ्याच्या चेहऱ्यात राक्षस शोधू नये. त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेल्या, हसणाऱ्या मुलांकडे पाहावे आणि आपण त्यांच्यापैकी कोण, हे स्वतःस विचारावे. आपल्या वस्तीतही एखादा मुलगा शाळेस दांड्या मारू लागला असेल, दुपारी पिऊन येत असेल, घरी एकटा राहत असेल, चार जणांच्या हसण्याचा विषय झाला असेल. त्यांतील फारच थोडे, कदाचित कोणीच, हत्यारे होणार नाहीत. परंतु त्यांस कल्याणमित्राची गरज आहे ती त्यांच्या हातून पुढे काही भयंकर घडेल म्हणून नव्हे, तर आज ते दुःखात आहेत म्हणून. अंगुलिमालापर्यंत तथागत स्वतः चालत गेले, ती वाट टाळण्यास साऱ्यांनी सांगितले असतानाही. आपणास वनात जावयाचे नाही, शेजारच्या घरापर्यंतच जावयाचे आहे.